वामनची ट्यूब

मला वामनचा राग येतो, आणि आला की मी तो स्वतःवरच काढतो. त्याच्यावर काढायचं तोंड मी ठेवलेलं नाही.

कामोठ्यात माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. वामन इथल्या मूळ गावातला आगरी, माझ्याच वयाचा, शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या बापाच्या भातशेतीवर आता त्याच्याच दोन बिल्डिंगी उभ्या आहेत. दरारा असा की तो जिन्यात दिसला तर भाडेकरू लिफ्टकडे वळतात. पण हाच माणूस माझ्या काउंटरवर, दुकान रिकामं होईपर्यंत उगाच खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी करत उभा राहायचा.

पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, मांडीत गजकर्ण झालंय. मांडीत म्हणे! मांडीचं सांगताना माणूस नजर कुठे ठेवतो आणि लघवीच्या जागेचं सांगताना कुठे ठेवतो, हे बावीस वर्षांत मला कळलं नसेल होय? मी काही विचारलं नाही. खाजेची ट्यूब काढली, तपकिरी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं. मला वाटलं, दोस्ताची अब्रू राखली. मोठा आलो अब्रू राखणारा.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. लावली की दोन दिवसांत खाज पळते, दुखणं मात्र जागच्या जागी. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते हेही मला ठाऊक, तरी मी तीन वर्षं दिली. मधे एकदा त्याने हळूच सांगितलं की रोज पाण्यात जंतुनाशक टाकून, साबणाने घासून धुतो, तरी चिरा पडतात आणि आता कातडी मागे सरकतच नाही. तेव्हा मी त्याला खुर्चीत बसवायला हवं होतं. साबण बंद कर, साध्या पाण्याने धू, कोरडं ठेव, जबरदस्तीने कातडी ओढू नको, आणि पहिली शुगर तपास. पुन्हा पुन्हा असं होणाऱ्या कितीतरी जणांना शुगर निघते, हे मला तोंडपाठ आहे. मी काय बोललो? "एवढं घासू नको." संपलं माझं ज्ञान.

शुगर निघालीच, तीनशे ऐंशी. त्याला चक्कर आली म्हणून त्याच्या बायकोने, पुतळावहिनीने, ओढत खांदेश्वरच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्याने नीट तपासलं आणि सांगितलं, शुगर आटोक्यात आणा आणि पुढची कातडी काढून टाका. आत काय चाललंय ते दिसत नाही, ते बघायलाच हवं. छोटं ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वामन दुकानात हजर. त्या दिवशी त्याने गोळ्यांना हातही लावला नाही.

"मुस्तफा, डॉक्टर कापायचं बोलतो. तुमच्यात तर सगल्यांचंच होतं. तुला म्हाईत हाय. करू का?"

मला माहीत होतं. माझी सुंता सातव्या वर्षी झाली. आठवडाभर लुंगी पुढे धरून चाललो, मग पोरांबरोबर क्रिकेट खेळायला पळालो. एवढंच सांगायचं होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. हा गावातला मोठा माणूस, मी मुसलमान मेडिकलवाला. उद्या काही बिघडलं, किंवा नुसतं कुणाच्या कानावर गेलं की मुस्तफाने वामनशेठला सुंता करायला लावली, तर? सोसायटीच्या ग्रुपवर कशाचं काय होतं ते रोज बघतोय. माझं दुकान, माझी पोरं, सगळं डोळ्यांसमोर आलं. घाबरलो मी, दुसरं काही नाही.

"तो तुझा आणि डॉक्टरचा मामला," मी बोललो. "मी काय सांगणार?"

आणि त्याने न मागताच मी ट्यूब काढून पुढे केली. त्याचा चेहरा मोकळा झाला. माझाही झाला, खोटं कशाला बोलू.

पुढचे चौदा महिने तो ट्यूब नेत राहिला आणि मी देत राहिलो. मग एके सकाळी पुतळावहिनी दुकानात आली आणि काउंटरला धरून रडायलाच लागली. वामनच्या चड्डीवर रक्त, घाण वास, आत गाठ. तपासणीत कॅन्सर निघाला. मोठ्या हॉस्पिटलात त्याची लघवीची जागाच अर्ध्याहून जास्त काढावी लागली, जांघेतल्या गाठीही काढल्या. तिथला डॉक्टर तिला म्हणाला, वर्षभर आधी आणलं असतंत तर बहुतेक कातडीवरच भागलं असतं.

तो घरी आल्यावर मी ड्रेसिंगचं सामान घेऊन गेलो. सवयीने तपकिरी पिशवीत घातलं होतं, तोंड दोनदा दुमडून. वामन गॅलरीत खुर्चीवर, खाली उशी घेऊन बसला होता. निम्मा झाला होता. पिशवी बघितली आणि म्हणाला, ठेव तिथं. त्याने तोंड खालच्या रस्त्याकडे वळवलं. मीच न राहवून बोललो की चुकलं माझं, तेव्हा सांगायला हवं होतं, पण लोक काय बोलले असते याची भीती वाटली.

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"अख्ख्या गावात मी तुझ्याकडंच आलो व्हतो इचारायला. तू नुस्तं 'कर' बोलला असतास, तर दुसऱ्या दिवशी जाऊन टेबलावर झोपलो असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आनि लोक कुठं व्हते रं? दुकानात आपन दोघंच व्हतो."

खरंच दोघंच होतो. मला ती दुपार आठवते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. वहिनीने चहा आणून दिला, मी खाली मान घालून प्यायलो, आणि ट्यूबचं नाव मात्र कुणीच काढलं नाही.