उंब्रजचा गुडघा

"अहो, पण तात्याभावजींच्या लेखाची कसली आलीय तपासणी?" पद्माबाईंनी दशम्यांची पुरचुंडी पिशवीत कोंबली. "आपल्या लग्नात तुमच्यापेक्षा जास्त लाडू खाल्लेला माणूस तो."

"लाडवांवर लेख असता तर नसता तपासला," असं म्हणत विष्णुपंत छत्री शोधू लागले.

डॉक्टर विष्णुपंत आठल्ये सांगलीत दवाखाना चालवत आणि 'उतारा' नावाचं वैद्यकीय मासिक काढत. दवाखान्यावर घर चाले आणि मासिकावर घरातली भांडणं. गावोगावचे डॉक्टर त्यात आपापले अनुभव लिहीत. अमक्या रोग्याला अमकं औषध दिलं, असा असा गुण आला. विष्णुपंतांनी पहिल्या अंकापासून एक रीत पाळली होती. लेखात जे रोगी बरे झाले म्हणून लिहिलेलं असे, त्यांतल्या एखाद्याला तरी ते स्वतः जाऊन भेटत आणि मगच लेख छापत. या रीतीपायी त्यांनी काही मित्र गमावले होते आणि लेखक तर पुष्कळच.

टिकून राहिलेला मित्र म्हणजे कराडचे डॉक्टर तात्या माईणकर. दोघं पुण्यात एका खोलीत राहून, एकाच कंदिलाखाली वाचून डॉक्टर झालेले. तात्यांनी आता गुडघेदुखीवर एक लेप शोधून काढला होता. बारा रोग्यांना लावला आणि बाराही चालू लागले, असा लेख त्यांनी पाठवला होता. साताऱ्याला जिल्ह्यातल्या डॉक्टरांची सभा भरायची होती, तिथे तो 'उतारा'तून वाचून दाखवायची त्यांची इच्छा होती. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "विष्णू, जन्मभर दुसऱ्यांची औषधं दिली. हे एवढं एक माझं आहे." ते वाक्य विष्णुपंतांच्या मनातून जात नव्हतं. छापखान्यात लेखाचे खिळे जुळवून झाले होते, फक्त त्यांनी 'छापा' म्हणायचं बाकी होतं.

लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी पेट्रोलअभावी सर्व्हिस मोटारीला अजून कोळशाच्या धुरावरच चालावं लागे. काळवंडलेल्या तोंडाने विष्णुपंत उंब्रजला उतरले आणि पत्ता विचारत हंबीररावांच्या दारात जाऊन उभे राहिले. हंबीरराव म्हणजे लेखातला रोगी पहिला, पलटणीतून पेन्शनीवर आलेला हवालदार. सांगलीहून डॉक्टर आलाय म्हटल्यावर त्यांनी आधी फेटा बांधला, मग रामराम घातला.

"तात्या डॉक्टरांच्या लेपाचा गुण कसा काय आला?" विष्णुपंतांनी विचारलं.

"आवं, गुण म्हंजी काय! लय गुण," हंबीरराव म्हणाले. "डाक्टर म्हंजी देवमाणूस. कराडास्नं सायकल मारत येत्यात आन् सवता लेप लावत्यात. बघा आता."

असं म्हणून ते अंगणात उतरले आणि छाती काढून कवायत करू लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. गोठ्यापर्यंत गेले, टाच आपटून वळले, परत आले. विष्णुपंतांना मनापासून आनंद झाला. दुसऱ्या फेरीत हंबीररावांच्या कपाळावर घाम दिसला. तिसऱ्या फेरीत गोठ्याशी वळता वळता त्यांनी छपराची मेढ धरली आणि ते तिथेच, म्हशीकडे काही काम असल्यासारखे उभे राहिले.

"या की हिकडं आता," चुलीपाशी बसलेल्या साळूबाई, त्यांच्या कारभारीण, म्हणाल्या. "झाली न्हवं कवायत? सायेब गेल्यावर रातभर गुडघा मलाच चोळाया लागतोय."

"तू गप गं."

"का गप? ह्यो भला माणूस एवढ्या लांबनं इचाराया आलाय, त्याला तरी खरं सांगा." मग पदर सावरून त्या विष्णुपंतांकडे वळल्या. "कायबी गुण न्हाई, दादा. व्हता तसाच हाय."

"मग तात्यांना तसं का नाही सांगितलंत?"

हंबीरराव मेढ सोडून हळूहळू लंगडत आले आणि पायरीवर टेकले. "त्यो माणूस ऊनपावसाचा हितवर येतोय. घाम पुसायच्या आदी इचारतोय, काय हवालदार, बरं हाय न्हवं? आता त्याला कुठल्या तोंडानं न्हाई म्हणायचं? आमच्यात न्हाई असं करत. आमच्या आळीत समद्यांनी 'बरं हाय' असंच सांगितलंय."

विष्णुपंतांना हसू आलं आणि पाठोपाठ तात्यांची चिठ्ठी आठवली. निघताना साळूबाई दारापर्यंत आल्या. "दादा, ह्यांचं नाव छापू नका. डाक्टरांस्नी वाईट वाटंल, आन् गाव म्हणंल हवालदार खोटं बोलला." विष्णुपंतांनी शब्द दिला. त्या दिवसापर्यंत 'उतारा'त रोग्याचं नावगाव सरळ छापलं जाई, आणि त्यात काही वावगं आहे हे त्यांच्यासारख्या तपासनिसालाही सुचलं नव्हतं.

कराडला पोचले तेव्हा तात्या दवाखान्यात स्वतःच खलात लेप घोटत बसले होते. मित्राला पाहून चेहरा खुलला. "भेटलास हवालदाराला? चालून दाखवलं ना?"

"दाखवलं."

"मग?"

विष्णुपंतांनी जे झालं ते सगळं सांगितलं. तात्यांचा हात खलातच थांबला.

"एकजण खोटं बोलला. बाकीचे अकरा?"

"त्यांना तू काय विचारलंस?"

"काय विचारायचं? म्हटलं, काय, बरं आहे ना?"

"अरे, जेवायला वाढून 'झालंय ना चांगलं?' म्हणून विचारल्यासारखं आहे हे. यावर नाही कोण म्हणेल?"

"तू," तात्या म्हणाले. त्यांनी बत्ता बाजूला ठेवला. "तू म्हणायला हवं होतंस. दिवाळीत तुझ्याकडे राहिलो तेव्हा रोज तुझ्या गुडघ्याला लेप लावला. जाताना विचारलं, तर म्हणालास, तात्या, उत्तम गुण आहे. त्या भरवशावर मी लिहायला बसलो, विष्णू. मला वाटलं, हा काही उगाच बोलायचा नाही. गावोगाव हिंडून लोकांचं खरंखोटं करणारा माणूस."

विष्णुपंतांना दिवाळीतला तो प्रसंग लख्ख आठवला. तात्यांनी जमिनीवर बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला होता, आणि अशा माणसाला नाही म्हणणं त्यांच्याही जिवावर आलं होतं. त्यांना फार शरम वाटली.

"गुण नव्हताच आला?"

"नाही."

"थोडासुद्धा?"

"गार वाटायचं जरा."

तात्या उठले आणि बराच वेळ हात धूत राहिले. परतले तेव्हा डोळे लाल होते, पण ओठांच्या कडा हलत होत्या. "गार तर चिखलानंही वाटतं रे," ते म्हणाले, आणि मग दोघंही इतके हसले की बाहेर बसलेले रोगी आत डोकावू लागले.

"लेख मागे घेतो," हसू ओसरल्यावर तात्या म्हणाले.

"मागे कशाला घेतोस? पुरा कर. औषध लागू पडत नाही, हेही लोकांना कळायला हवंच की. नाहीतर उद्या दुसरा कुणी हाच लेप घोटत बसेल."

मग त्या बारा जणांची नव्याने चौकशी झाली. या वेळी ना तात्यांनी विचारलं ना विष्णुपंतांनी. तात्यांच्या सौभाग्यवती हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरोघर गेल्या आणि त्यांनी रोग्यांच्या बायकांना विचारलं. लेपाने कुणाचाच गुडघा सुधारला नव्हता. एका सुताराला मात्र खरोखर आराम पडला होता, पण तो घरी दिलेला लेप लावायचंच विसरला होता.

साताऱ्याच्या सभेत तात्या उठून उभे राहिले तेव्हा हॉल भरलेला होता. 'गुडघेदुखीवरील एक लेप आणि त्याचा न आलेला गुण' हे नाव ऐकूनच पुढच्या रांगेत कुजबुज झाली. तात्यांनी घसा साफ केला आणि सगळं वाचलं. आपण कसं विचारलं, लोक काय म्हणाले, का म्हणाले, खरं काय निघालं. रोग्यांची नावं कुठेच नव्हती, नुसतं 'एक हवालदार', 'एक सुतार' असं होतं. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग काहींनी टिपणं काढायला घेतली.

शेवटच्या नोंदीशी तात्या अडखळले. प्रुफात त्यांनी ते नाव दोनदा खोडलं होतं आणि विष्णुपंतांनी दोन्ही वेळा ते परत बसवलं होतं.

"रोगी तेरावा," तात्यांनी वाचलं. "डॉक्टर विष्णुपंत आठल्ये, सांगली, या मासिकाचे संपादक. गुण आला नव्हता. मित्राला वाईट वाटू नये म्हणून आला असे सांगितले."

सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या रांगेतून विष्णुपंत खुर्चीचा हात धरून सावकाश उभे राहिले आणि त्यांनी सभेला नमस्कार केला.

"बस विष्णू," तात्या व्यासपीठावरून म्हणाले. "दुखत असेल."

"दुखतोय," विष्णुपंत म्हणाले, आणि उभेच राहिले.