भुताची सासू

विनिता सामंत भूत झाली ती एका गाउनमुळे.

नायगावच्या एका स्टुडिओत भुताच्या मालिकेचं शूटिंग चालायचं. चंदनसारहून विनिता तिथे कपडेपटात शिवणकामाला जायची. हे काम तिला मिळवून दिलं तिच्या मैत्रिणीने, फेलिशियाने. ती तिथेच मेकअप करायची. सेट म्हणजे साहेबांच्या देशातला पडका महाल. थर्माकोलचे दगड, स्प्रे मारून केलेली कोळिष्टकं आणि खोकला आणणारं धुराचं मशीन. ऐन मे महिन्यात नटमंडळी शाली पांघरून कुडकुडायची आणि कट म्हटलं की पंख्याखाली धावायची. या महालात इझाबेल नावाची मेलेली नवरी फिरायची, घोळदार पांढऱ्या गाउनमध्ये. तो गाउन घालणारी नटी घामोळ्यांनी बेजार झाली आणि एका सकाळी आलीच नाही.

दिग्दर्शक शत्रुघ्न सर डोक्याला हात लावून बसले. गाउन होणार कुणाला? शिवताना विनिता तो स्वतःच्याच अंगावर घालून बघायची. फेलिशियाने तिला पुढे ढकललं.

"बोलायचं काही नाही," सर म्हणाले. "मेणबत्ती धरायची, मान जरा तिरकी करायची आणि बघायचं. बस्स."

"कुणाकडे?"

"ज्याचा राग येतो त्याच्याकडे."

विनिताने बघितलं. ट्रे घेऊन आलेला चहावाला पाठ न वळवता तसाच मागे मागे गेला.

घरी तिने अवाक्षर काढलं नाही. सासूबाई ही मालिका पोटाशी उशी धरून बघायच्या, एकही भाग न चुकवता. पण एवढ्या पांढऱ्या रंगाखाली कोण ओळखणार? मग एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "आमटीत चार पानं कोथिंबीर घालायला हात दुखतात का गं?" विनिताने हातातली पळी तशीच धरून मान तिरकी केली आणि नुसतं बघितलं. मुद्दाम नव्हे, दिवसभराची सवय.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "सुमेध," त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, ही ती आहे!"

विनिताने सगळं समजावून सांगितलं. थर्माकोल, धूर, गाउन. "ते कळतं गं मला, मी काय अडाणी आहे?" सासूबाई म्हणाल्या, आणि उठून गॅसपाशी गेल्या. "तू बस. चहा मी ठेवते."

त्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. सुमेध पलंगावरचा ओला टॉवेल स्वतः दोरीवर टाकू लागला. सासूबाईंनी ही बातमी सोसायटीत आणि नात्यात पोचवली होतीच. वरच्या मजल्यावरून तिच्या बाथरूममध्ये पाणी गळायचं, त्याची तक्रार सोसायटीचे सेक्रेटरी दीपेशभाऊ कायम पुढच्या मीटिंगवर ढकलायचे. आता जिन्यात ती दिसली तर तेच आधी म्हणायचे, "वहिनी, प्लंबर येतोय, प्लंबर येतोय!" लिफ्ट तिला एकटीलाच मिळू लागली. आगाशीच्या मामेसासूबाई दर खेपेला "पाळणा कधी हलवतेस?" म्हणून विचारायच्या. त्या या वेळी केळ्यांचा घड ठेवून दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि फक्त उकाड्याबद्दल बोलल्या.

विनिता सुखावली, नाही असं नाही. पण कधी कधी बसल्या जागी तिला वाईटही वाटायचं. "इतकी वर्षं मी तोंडाने हेच सांगत होते गं," ती फेलिशियाला म्हणाली. "तेव्हा कुणाला ऐकू आलं नाही."

"तेव्हा तू जिवंत होतीस ना," फेलिशिया तिच्या गालावर पावडर थापत म्हणाली.

पुढे मालिकेचे प्रेक्षक घटले. चॅनलवाल्यांना आता कौटुंबिक काहीतरी हवं होतं. शत्रुघ्न सरांनी इझाबेलला मुक्ती द्यायचं ठरवलं. मोठा दिवा लावला, धूर सोडला, विनिताला दोरीने वर ओढलं आणि भूत गेलं.

तो भाग लागला तेव्हा सासूबाई ढसाढसा रडल्या. "सुटली बिचारी," म्हणत त्यांनी डोळे पुसले, देवापाशी उदबत्ती लावली आणि वळून अगदी पूर्वीच्या सुरात म्हणाल्या, "विनिता, कणीक मळायची राहिलीय. आणि गोळा घट्ट हवा हं, कालचा सैल होता."

विनिता उठली. मळली कणीक. सुमेधचा टॉवेल पुन्हा पलंगावर आला आणि दीपेशभाऊंना पुढची मीटिंग आठवली.

मग शत्रुघ्न सरांचा फोन आला. नवी मालिका, मुख्य भूमिका, रोज काम. "तुमचा चेहरा लोकांच्या लक्षात राहिलाय, मॅडम. सून आहे. पहाटे उठते, सगळ्यांचं करते, सगळे बोलतात, पण ही उलट शब्द काढत नाही. एकदम आदर्श!"

सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. "घे गं घे," त्या उत्साहाने खुणावू लागल्या. "चांगलं वळण लागेल!"

विनिताने सासूबाईंकडे बघितलं, मग फोनमध्ये विचारलं, "सर, ती मरते का?"

"छे, छे! मरते कशाला? शेवटपर्यंत सोसते."

"मग नको," विनिता म्हणाली. "मी आपली कपडेपटातच बरी. ती मेली आणि परत आली, तर मात्र मला सांगा."

फोन ठेवून ती पंख्याखाली बसली. मान अगदी सरळ होती तिची. "आई," ती म्हणाली, "आज मी दमलेय. चहा तुम्ही ठेवा."

सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. गाउन नव्हता, धूर नव्हता. मग "साखर कुठे ठेवलीस?" असं कुरकुरत स्वयंपाकघरात गेल्या.