पाकोचा बाप

आमच्या गावात पहिलं मूल झालं की आईबापांची स्वतःची नावं संपतात. पाको जन्मला आणि माझी शेजारीण मा-पाको झाली, तिचा नवरा रा-पाको. त्याला आधी काय म्हणत, हे मी विसरूनच गेले होते.

सोळा वर्षांच्या पाकोने शर्यत लावायला म्हाताऱ्या दितिरोची गाढवगाडी पळवली. गाढव मेलं आणि पोरगा भीतीने गावातून पळाला तो पळालाच. लग्न न झालेल्या पोराचा गुन्हा म्हणजे आमच्याकडे बापाचा गुन्हा. सभा भरली, सगळे काटेरी झाडाखाली जमले. गावप्रमुख कोसी म्हणाले, "रा-पाको, उठा."

"त्या नावाने हाक मारू नका," तो म्हणाला. "पोराने तोंड काळं केलं माझं. तो माझा कोणी नाही. माझं नाव केबालेपिले."

चटईवरची मा-पाको ताडकन उठली. "दंड घ्या, कोसी! ज्याचा दंड कोणी भरत नाही, त्याला घर कुठलं? मग तो परत येईल कुठे?"

"तूच लाड करून बिघडवलंस त्याला," नवरा डाफरला.

"आणि तुम्ही? महिनोन् महिने गुरांकडे रानात. पोराला बाप दिसला कधी?"

आम्ही बायका खुदकन हसलो. कोसी मात्र हसले नाहीत. "बरं. पुढच्या सभेपर्यंत सगळ्यांनी याला केबालेपिलेच म्हणायचं. निकाल तेव्हा देऊ."

असल्या कामात आमचं गाव भारी हौशी. पाण्याच्या नळावर, दुकानात, शेंबडी पोरंसुद्धा, "केबालेपिले, बरंय ना?" घरात मा-पाकोही हाक मारायची, "केबालेपिले, जेवायला या." रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. मग ज्वारीच्या घाट्याचं एक ताट झाकून ठेवायची, पोरगा आलाच तर फाटक उघडं असावं म्हणून त्याची तार काढायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. कुंपणापलीकडून ते बघताना माझं काळीज तुटायचं.

एका संध्याकाळी केबालेपिले कुंपणाशी आला. "मा-लोराटो, पाको लहानपणी गुरांमागे धावायचा. मी पुढे गेलो की रडायचा. आठवतं तुम्हाला?"

"आठवतं की, केबालेपिले."

त्याने मान खाली घातली. "एकदा तरी नीट हाक मारा ना."

"कोसींचा हुकूम आहे, बाबा," मी म्हटलं. जिभेवर 'रा-पाको' आलं होतं, पण तशी हाक मारली नाही.

पुढच्या सभेला तो कपाळावर पांढरा चांद असलेली आपली गाय हाकत आला. गाढवाच्या बदल्यात गाय! लोक कुजबुजायला लागले.

"कोण आलंय?" कोसींनी विचारलं.

"पाकोचा बाप. पोरगं माझं आहे. दंडही माझाच."

"बसा, रा-पाको."

मा-पाकोने सरळ तळहाताने डोळे पुसले.

पोरगा अजून आलेला नाही. पण आता फाटकाची तार रा-पाकोच काढतो. ताट झाकलं की दोघं रस्त्याकडे तोंड करून उभी राहतात. लांबून कुणी येताना दिसलं की तिच्याआधी तोच ओरडतो, "पाको, तू आहेस का रे?"