टाकीवर फुटलेलं पाणी

भरतने मळीच्या टाकीत शिरून रंगाआधी तपासायला घासलेल्या पत्र्यावर फवारणीच्या पंपाने पाणी मारलं. दाराशेजारी, छातीच्या उंचीला, ते पुन्हा फुटलं. बाकी पत्र्यावर पाणी सपाट पसरलं होतं. तेवढ्या वीतभर जागेत मात्र नुसते थेंब. म्हणजे तिथे तेल लागलंय. अशा जागी रंग धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात.

“परत तेच,” साखर कारखान्याचे साहेब म्हणाले. “हंगामाचा बॉयलर पेटायला आला, भरत. उद्या जमलं नाही तर मी दुसरा माणूस बघतो.”

भरतचं डोकं फिरलं. गेणभाऊ, त्याचा थोरला चुलतभाऊ, थिनरचं फडकं घेऊन बाजूला उभा होता. रंगाचं काम भरतला त्यानेच शिकवलेलं.

“तेलकट हातानं शिवतोस पत्र्याला. किती डाव सांगायचं तुला?” भरत सगळ्या माणसांदेखत ओरडला.

“मी न्हाई शिवलो.”

“मग काय आपोआप लागलं?”

गेणभाऊने फडकं खाली ठेवलं, जेवणाचा डबा उचलला आणि गावाची, अवसरीची वाट धरली. भरतने त्याला थांबवलं नाही. जाऊ दे, एकदाची कटकट तरी मिटेल, असंच त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कुणालाही टाकीत पाऊल ठेवू दिलं नाही. सगळा पत्रा स्वतः पुसला. मग कामाला लागण्याआधी रोज करायचा तसा नमस्कार म्हणून त्याने दाराशेजारच्या पत्र्याला हात लावला, कपाळाला लावला, पुन्हा पत्र्याला, पुन्हा कपाळाला. आणि पंप उचलला.

पाणी फुटलं. दाराशेजारी, चार बोटांएवढ्या जागेत.

भरत बघतच राहिला. सकाळी चोपडलेलं तेल केसांतून कपाळावर उतरलं होतं. त्याने बोटं एकमेकांवर चोळली. बुळबुळीत लागली. त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

साहेब दारातून वाकले. “आज कुणाचा हात लागला?”

“माझाच,” भरत म्हणाला. बाहेरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “रोज माझाच लागत व्हता.”

त्याने जागा पुसून पुन्हा पाणी मारलं. ते गुमान पसरलं.

“झालं की. वाळलं की लगेच रंग चढवा. हवा दमट आहे, दुपारपर्यंत पत्रा गंज धरेल.”

भरत टाकीतून बाहेर आला. “गेणभाऊला घेऊन येतो, साहेब.”

“आत्ता? माणसं आहेत की इथं.”

“पहिला हात त्योच मारंल.”

“आणि गंज चढला तर? काम राहील का तुझ्याकडे?”

“चढू द्या. माझ्याकडं राहिलं तर परत घासू.”

त्याने एम-एटी गाडीला किक मारली. गेणभाऊच्या दारात गेल्यावर काय बोलायचं, ते अवसरी दिसायला लागली तरी त्याला सुचलेलं नव्हतं.