तिसरा कार्ब्युरेटर

"हाही काढणार?" ताईने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. दातांत नट धरला होता, आणि नसता धरला तरी दिलं नसतं. सकाळपासून हा तिसरा कार्ब्युरेटर, आणि तिच्या ट्रकचं इंजिन तिसऱ्यांदा तसंच खोकत होतं. ॲक्सिलरेटर दाबला की चाले, पाय काढला की गचके देऊन बंद.

ताई माझी थोरली बहीण. दाजी गेल्यापासून बर्फाचा ट्रक स्वतः चालवते. जुनं इंजिन बसलं ते उठलंच नाही, म्हणून मी भंगारातून सहा सिलिंडरचं दणकट इंजिन शोधून आणलं. उद्या सकाळी सहाला तिला लाद्या भरायच्या होत्या. चार दिवस तिची फेरी दुसराच कोणी करत होता. उद्याही ती आली नाही तर फेरी कायमची त्याची, असं कारखान्याच्या मॅनेजरने सांगून टाकलं होतं.

इंजिन चढवणं सोपं होतं. घोडं अडलं ते पुढे. इंजिनाबरोबर आलेला मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं हवा-पेट्रोल सहाही सिलिंडरांना वाटणारी नळ्यांची जोडणी, एका तोंडाच्या छोट्या कार्ब्युरेटरसाठी होता. सपाट रस्त्याला ठीक, पण कारखान्यामागचा चढ बर्फासकट चढायचा तर इंजिनाला दम हवा. म्हणून मी मोठा मॅनिफोल्ड निवडला आणि त्यावर दोन तोंडांचा कार्ब्युरेटर. स्पेअर पार्टवाला म्हणाला होता, "मिस्त्री, चार तोंडांचा घ्या, गाडी उडेल." मी म्हटलं, "अंथरूण पाहून पाय पसरावेत. मला बर्फ न्यायचाय, विमान नाही चालवायचं." दुकानात उभी असलेली माणसं हसली. मीही स्वतःवर खूश होतो.

तो दोन तोंडांचा कार्ब्युरेटर खोकला. तसाच दुसरा, नवाकोरा मागवला, तोही खोकला. मग चिडून इंजिनाबरोबर आलेला हा छोटा बसवला, मध्ये पट्टी घालून, मनाविरुद्ध. याचंही तेच.

"जोडातून हवा तर ओढत नाही ना?" ताई म्हणाली.

"नाही."

"बघितलंस?"

"ऐकलं."

जोडातून हवा शिरली की बारीक शिट्टी वाजते. बाकीचे मिस्त्री जोडावर पेट्रोल शिंपडून गळती शोधतात. मी तीस वर्षांत कधी शिंपडलं नाही. कंप्रेसर बंद करायचा, सगळ्यांना गप्प बसवायचं आणि कान लावायचा. ज्याला कान नाहीत त्याने शिंपडावं, असं मी चारचौघांत म्हणतही आलोय. सकाळी तसाच कान लावला होता. शिट्टी नव्हती, म्हणजे गळती नव्हती, म्हणजे दोष कार्ब्युरेटरचा. मग फोन करून स्पेअर पार्टवाल्याला नको नको ते बोललो होतो.

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली.

मी पाना बाकावर आपटला. "एवढं कळतं तर तूच कर. मी जातो घरी."

केबिनमध्ये चढून तिने इंजिन चालू केलं. मी स्क्रू फिरवून वेग वाढवून ठेवला, तेव्हा ते कसंबसं चालू राहिलं. ताई खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"ती शिट्टी तरी आधी बंद कर बाबा. सकाळपासून डोकं उठलंय."

"कोणती शिट्टी?"

"ही काय वाजतेय. मला वाटलं, तुला माहितीये."

मी डावा कान लावला, मग उजवा. धडधड ऐकू येत होती, पंख्याची घरघर येत होती. शिट्टी नव्हती.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग मॅनिफोल्डच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट केलं. मी ओलं फडकं तिथे दाबलं, तसं इंजिन एकदम शहाण्यासारखं चालू लागलं. फडकं काढलं की पुन्हा खोकला. कोपऱ्यातला बोल्ट. तिथे पाना धड शिरत नाही, म्हणून अंदाजाने आवळलेला.

"कधीपासून रे?" तिने हळूच विचारलं.

"आत्ता कळलं," मी म्हणालो. गेल्या वर्षभरात किती गाड्यांना मी कान लावून "ठीक आहे" म्हटलं होतं, कोण जाणे.

तेवढ्यात स्पेअर पार्टवाला दोन्ही खोकी परत न्यायला आला. फोनवरचं त्याच्या डोक्यात होतंच.

"काय मिस्त्री, चौथा आणू का? माझा माल खराब म्हणालात ना?"

"माल चांगला आहे. चूक माझी. पहिला ठेवून जा, तोच बरोबर होता."

"मग काय निघालं?"

"जोडातून शिट्टी."

त्याने मान वाकडी करून ऐकलं. "हो की. एवढी वाजतेय, आणि तुम्हाला सकाळपासून सापडली नाही?"

मी बाकावरचा पाना उचलून पुसू लागलो.

"मीच सारखी बडबडत होते," ताई म्हणाली. "ऐकू देईन तेव्हा ना."

मी वाकून पाना आत सरकवला. ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवून घट्ट दाबला. मला वाटलं, धीर देतेय. मी पाव फेरा आवळला. हात तसाच. अर्धा फेरा आवळला, तरी बोटं खांद्यात रुतलेलीच. मग माझ्या लक्षात आलं, शिट्टी अजून वाजतेय, आणि मी तिच्याकडे न बघता आवळत राहिलो.

"थांबली का?" स्पेअर पार्टवाल्याने विचारलं. तो उरलेलं खोकं मोटरसायकलला बांधण्यात गुंतला होता.

मी आणखी थोडा जोर लावला. ताईने खांद्यावरचा हात काढून घेतला.

"थांबली," मी म्हणालो.