बूस्टरच्या पाइपातला बोल्ट

रोपवाटिकेवाल्या मावशींची पिकअप गॅरेजात आली तीच धापा टाकत. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन कधी उगाच चढायचं, कधी एकदम मान टाकायचं. चौकात दोनदा बंद पडली होती आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून मावशींना नको नको केलं होतं.

"बावीस वर्षांची झाली गं," मावशी म्हणाल्या, "पण हट्ट दोन वर्षांच्या पोराचे."

गॅरेज बाबांचं. गिऱ्हाइकं त्यांना सायलेन्सर म्हणत, कारण चाळीस वर्षांत त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. गेले चार महिने गुडघ्यांमुळे ते खुर्चीत बसून असत आणि काम मी एकटी बघत होते.

प्लग काढून पाहिले, ठीक होते. कार्ब्युरेटर साफ केला. उभ्या गाडीतल्या रनिंगचा स्क्रू फिरवला. घडीभर बरं वाटलं, पुन्हा तेच. म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत शिरत होती. इंजिन चालू ठेवून मी पाइपाच्या एकेका सांध्यावर क्लीनरचा फवारा मारत गेले. मागच्या जाड पाइपाशी आवाज बदलला. सापडलं म्हणून हात घातला, तर हाताला लागला बोल्ट.

पाइपाच्या तोंडात बोल्ट खुपसून वरून क्लिप आवळली होती. रबर आता त्याच्याभोवती तडकलं होतं. पण हा पाइप जायला हवा होता ब्रेकच्या बूस्टरला, पायाला जोर देणाऱ्या त्या गोल डब्याला. डब्याचं तोंड टेप गुंडाळून बंद केलेलं.

मी इंजिन बंद केलं.

"मावशी, ब्रेक कसा लागतो?"

"जवळजवळ उभं राहावं लागतं त्याच्यावर. मला वाटलं, गाडी म्हातारी झाली, मीही झाले. परवा शाळेसमोर कशीबशी थांबली."

"किती दिवस असं?"

"सहा महिने तरी."

"दुसऱ्या कुणाला दाखवली होती?"

"सायलेन्सर असताना? वेड लागलंय का मला? सहा महिन्यांपूर्वीही इंजिनाचं हेच दुखणं होतं. त्यांनी एका सकाळीत बरं केलं."

मी बोल्ट पुसला. डोक्यावर हिरवा ठिपका होता. काम पुरं झालं की बाबा असा ठिपका देत. बूस्टर फाटला तरी हवा अशीच चोरून शिरते; ते बघायला पाइप घडीभर बंद करतात, ते मीही करते. पण तो तसाच ठेवून वर ठिपका?

मी बोल्ट बाबांसमोर धरला आणि कुठे सापडला ते सांगितलं.

"कुठल्या गाढवाचं काम हे?" ते ओरडले. बाबा ओरडले!

मी बोल्टचं डोकं त्यांच्याकडे वळवलं. ते बघत राहिले. कपातला चहा मांडीवर सांडला तरी त्यांना कळलं नाही.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. मग बोल्ट माझ्या हातातून घेऊन, "त्यानंतर कुणाकुणाच्या गाड्यांना हात लावलाय मी?"

मावशींना मी खरं ते सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या, किल्ली माझ्या हातात ठेवून चालत घरी गेल्या. त्यांच्या गाडीला नवा बूस्टर, नवा पाइप घातला. रनिंग सुतासारखी सरळ झाली. मग गॅरेजची कामाची डायरी काढून आम्ही नऊ जणांना फोन केले. आठ गाड्या व्यवस्थित निघाल्या. नववी बेकरीवाल्याची व्हॅन. पुढच्या चाकाच्या पाच नटांपैकी दोन माझ्या बोटांनीच फिरले. त्या व्हॅनमधून त्याच्या जुळ्या मुली रोज ये-जा करायच्या.

मी पाना आणून दोन्ही नट आवळले.

"डॉक्टरकडे ने मला," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि सुरुवातच आहे असंही म्हणाले. घरी येऊन मी आईला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते. तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"मला वर्षभर दिसतंय," ती म्हणाली. "दोनदा गॅस चालू ठेवला, एकदा तुझ्या धाकट्या मावशीला ओळखलं नाही."

"आई! मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, घरातलंच विसरतात," ती म्हणाली. "गाड्यांचं हे कसे विसरतील?"