मागच्या सीटमागची फट

नागराजचे आजोबा शिंपी होते, म्हणून की काय, गाडीच्या दोन पत्र्यांमधल्या सांध्याला तो शिवणच म्हणायचा. मेटगळ्ळीत जुन्या गाड्या रंगवायचं त्याचं वर्कशॉप होतं. रंगाआधी प्रत्येक शिवण खरवडायची, नवा सीलंट भरायचा आणि बोटानं सारखा करायचा. हे काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे.

दत्तोजीरावांनी आणलेली ॲम्बेसेडर त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची. आता ती वहिनीची, भागीरथीबाईंची. एच. डी. कोटेजवळची जमीनही बाईंच्याच नावावर. दर गुरुवारी हे दीर त्यांना तिकडं घेऊन जात.

"सगळ्या फटी बंद कर," दत्तोजीराव म्हणाले. "मी शेत बघून येईपर्यंत वहिनी एसी लावून मागं झोपतात. बाहेरचा वारा आत यायला नको." मग त्यांनी मागच्या सीटमागं बोट ठेवलं. "एवढी मात्र सोड. वायर घ्यायची आहे."

"वायरला वीतभर फट कशाला, साहेब?"

"सांगितलं तेवढं कर. सुम्ने, उगाच प्रश्न नको."

नागराजनं मान डोलावली. तिसऱ्या दिवशी गाडी वर उचलली तेव्हा त्याला सायलेन्सरचा पाइप दिसला. आखूड कापलेला. गंजक्या पाइपाची कापलेली कड मात्र नव्या नाण्यासारखी चकाकत होती, आणि तोंड नेमकं त्या फटीखाली.

सडला असेल म्हणून कापला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. तरी इंजिन चालू केलं, काचा वर घेतल्या आणि मागं जाऊन बसला. थोड्याच वेळात फटीतून आलेल्या धुरानं डोळे चुरचुरले, डोकं जड झालं. दार ढकलून तो बाहेर आला आणि भिंतीला धरून उभा राहिला.

त्यानं ती फट बुजवली. पाइपही नवा, पुरता लांब बसवला.

शनिवारी सकाळी दत्तोजीराव आले. झळकणाऱ्या काळ्या रंगाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थेट सीटमागं हात घातला.

"बंद केलीस."

"पाणी शिरून पत्रा गंजतो, साहेब."

दत्तोजीराव हसले. "तुझी मुलगी कॉलेजला बसनंच जाते ना अजून?" एवढं विचारून ते गाडी घेऊन गेले.

नागराज तसाच स्कूटर काढून बोगादीला बाईंच्या घरी पोचला. भागीरथीबाई भाजी निवडत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"मागच्या महिन्यात दोनदा मला तिथं उलटी झाली," त्या हळूच म्हणाल्या. "भाऊजी म्हणाले, ऊन लागलं."

फाटकाशी हॉर्न वाजला. गाडी आत आली. दत्तोजीराव उतरले आणि नागराजला बघून थबकले.

"तू इथं?"

"मी बोलावलं त्याला," बाई उठून म्हणाल्या. "भाऊजी, किल्ली द्या."

त्यांनी दिली.

"दुसरी?"

"ती हरवली, वहिनी. कधीचीच."

बाईंनी नागराजला गाडीची सगळी कुलपं बदलायला सांगितलं. नागराजनं बाजारातून नवी कुलपं आणली आणि भर उन्हात चारही दारांची, डिकीची बदलली. तो ते करत होता तोवर दत्तोजीराव व्हरांड्यात खुर्ची टाकून कॉफी पीत त्याच्याकडं बघत बसले होते.